दोघीही म्हणतात ‘देव बोलला’, मग ऐकायचे कोणाचे?

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नवरा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) कुटुंबातला, तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला. बायको वसईची, कॅथलिक. दोन शाळकरी मुले. वर्षभरापासून दोघे घणसोलीतल्या एका घरमंडळीत (घरात भरणाऱ्या स्वतंत्र मंडळीत) जातात, कारण तिथे वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास चांगला होतो. आता तिथले पास्टर म्हणतात की बाळपणचा बाप्तिस्मा धरायचा नाही, स्वतः विश्वास ठेवून पाण्यात बुडून घ्या. मग प्रार्थनेत एका बहिणीने संदेश दिला: चाळीस दिवसांत जुनी मंडळी सोडा, नाहीतर आशीर्वाद थांबेल. सासूबाईंनी वसईत नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केला आणि त्यांना देवाने नेमके उलटे सांगितले. प्रश्न विचारणाऱ्या बंधूंना मात्र प्रार्थनेत काहीच ऐकू येत नाही. ते विचारतात, यातली देवाची वाणी कुठली? आणि सत्याशी तडजोड न करता आम्ही सगळ्यांनी एक राहायचे कसे?

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी सीएनआयचा पाळक आहे आणि ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात वेगवेगळ्या पंथांतल्या जोडप्यांबरोबर बरेच काम करतो. बाप्तिस्म्याच्या मुद्द्यावर मी पूर्ण तटस्थ नाही. ते लक्षात ठेवून पुढचे वाचा.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. बाळांचा बाप्तिस्मा शास्त्राला धरून आहे की नाही, हा शिकवणीचा प्रश्न. देव आज आम्हा दोघांना काय करायला सांगतो आहे, हा मार्गदर्शनाचा. आणि आम्ही नक्की कुठल्या मंडळीचे, हा आपलेपणाचा. तिन्हींची तपासणी वेगळी, तिन्हींना लागणारा वेळही वेगळा. घोटाळा होतो तो तिन्ही कुलपांना एकच किल्ली लावल्यामुळे. ‘चाळीस दिवसांत सोडा’ हा संदेश खरा धरला, तरी तो फार तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तुमच्याकडे मात्र तो पहिल्या प्रश्नाचा निकाल म्हणून वापरला जातो आहे. ज्या वादावर गेली पाचशे वर्षे तरी दोन्ही बाजूंचे प्रामाणिक, प्रार्थनाशील लोक बायबल उघडून बसले आहेत, तो वाद शुक्रवारच्या प्रार्थनेत एका वाक्याने मिटत नसतो.

मंडळीने पहिला मोठा शिकवणीचा वाद कसा सोडवला ते नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये (पुढे नुसते ‘प्रेषित’), अध्याय 15 मध्ये आहे. ते पुन्हा सावकाश वाचा. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी, सुंता करावी की नाही, हा प्रश्न. तिथे कोणीही उठून ‘मला काल रात्री देवाने सांगितले’ म्हणून चर्चा बंद केली नाही. बराच वादविवाद झाला. पेत्राने कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरी जे घडले ते सांगितले. बर्णबा आणि पौल यांनी आपल्या कामाची हकिगत दिली. मग याकोबाने आमोस संदेष्ट्याचे वचन समोर ठेवले आणि हे सगळे त्याच्याशी जुळते का ते पाहिले. आणि नंतरच पत्रात लिहिले गेले की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटले. अनुभव, साक्ष, शास्त्र आणि मंडळीचा एकत्र निर्णय हे चारही तिथे आहेत. शिकवणीच्या बाबतीत देवाची वाणी बहुधा अशीच येते, सभेतून आणि वेळ घेऊन.

आता तुमच्या नेमक्या मुद्द्यावर. घरमंडळीची बाजू कमकुवत नाही, हे मान्य करा. नव्या करारात बाळाचा बाप्तिस्मा झाल्याचे स्पष्ट उदाहरण एकही नाही. प्रेषित 2:38 आणि 8:12 मध्ये विश्वास आणि पश्चात्ताप आधी येतात. रोमकरांस 6 मधले पुरले जाण्याचे चित्र बुडवण्याला जास्त शोभते. दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. लुदिया आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी यांच्या घरादाराचा बाप्तिस्मा झाला. प्रेषित 2:39 मध्ये वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना दिले आहे. कलस्सैकरांस 2:11-12 मध्ये बाप्तिस्मा सुंतेशेजारी मांडला आहे, आणि सुंता तर आठव्या दिवशी होत असे. बुडवायचे की ओतायचे, यावर मात्र एवढे ताणायचे कारण नाही. ‘डिडाखे’ हा अगदी आरंभीच्या मंडळीचा लेख वाहते पाणी पसंत करतो, ते नसेल तर दुसरे चालेल म्हणतो, आणि पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओता म्हणतो. म्हणजे पद्धतीवरून बाप्तिस्मा रद्द ठरवण्याची रीत तेव्हाही नव्हती.

तुम्हाला बहुधा प्रेषित 19 दाखवतील, कारण इफिसातल्या बारा शिष्यांनी तिथे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. पण त्यांचा आधीचा बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेल्या बाप्तिस्म्याला हे उदाहरण लागू करायचे असेल तर तेवढ्यावर भागत नाही, आणखी युक्तिवाद करावा लागतो. पास्टरांच्या बाजूने एवढे सांगितलेच पाहिजे की त्यांच्या लेखी हा दुसरा बाप्तिस्मा नाहीच, पहिलाच आहे. त्यामुळे ‘आमच्या बाप्तिस्म्याचा अपमान करतात’ असे म्हणून भांडायला जाऊ नका. ते त्यांच्या समजुतीशी प्रामाणिक आहेत.

या दोन समजुती एका छताखाली राहू शकतात का? राहिल्या आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसेच फक्त विश्वासणाऱ्यांना देणारे बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही होते. दोन्ही पद्धती मान्य करण्यात आल्या: बाळपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देऊन दृढीकरण, किंवा बाळपणी अर्पण-आशीर्वाद आणि मोठेपणी बाप्तिस्मा. या बोलण्यांची सुरुवात 1929 ची. म्हणजे चाळीस वर्षे लागली, आणि इतके करूनही शेवटच्या टप्प्यावर अमेरिकन मेथडिस्टांची इथली शाखा बाहेरच राहिली. ऐक्य होऊ शकते, पण त्याला कागद, बैठका आणि फार मोठा धीर लागतो, एवढे यातून घ्या.

तुमच्या घरात आणखी एक पेच आहे, आणि तो पास्टरांच्या लक्षात आलेला दिसत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नियमात बाप्तिस्मा एकदाच होतो, पुन्हा देता येत नाही. पाणी आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला तुमचा सीएनआयमधला बाप्तिस्मा ती मान्य करते. तुमच्या बायकोने तो विधी पुन्हा घेतला तर तिच्या घरच्यांच्या आणि तिच्या फादरांच्या लेखी तिने पहिला बाप्तिस्मा नाकारला असा त्याचा अर्थ होईल. शिवाय तुमचे लग्न चर्चमध्ये बिशपांची परवानगी घेऊन झाले असेल तर त्या वेळी तिने एक वचन दिले असणार: मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे म्हणून आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन. आणि त्या वचनाची कल्पना तुम्हाला दिली गेली असणार. हे वचन ‘जुनी परंपरा’ म्हणून झटकायची गोष्ट नाही. देवासमोर दिलेला शब्द मोडायला देवच सांगतो आहे असा दावा असेल, तर पुराव्याचे ओझे दावा करणाऱ्यावर आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नावर माझा सल्ला: तीन महिने घ्या. वर दिलेली वचने दोघांनी मिळून वाचा, आठवड्याला एक उतारा पुरे. पास्टरांना त्यांची बाजू लेखी मागा, तुमच्या सीएनआय पाळकांना त्यांची, आणि वसईच्या फादरांना त्यांची. तिन्ही कागद समोर ठेवले की निम्मा धुरळा बसतो. लेखी मागण्याचे कारण साधे आहे. तोंडी बोलताना आवाज, डोळे, खांद्यावरचा हात यांचे वजन युक्तिवादात मिसळते. कागदावर फक्त युक्तिवाद उरतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे संदेशांकडे. सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून जरा रेंगाळतो.

संदेश आला की टाकून द्यायचा नाही आणि डोळे मिटून पाळायचाही नाही. 1 थेस्सलनीकाकरांस 5:19-21 मध्ये दोन्ही टोके बंद केली आहेत: आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. आणि 1 करिंथकरांस 14:29 म्हणते, दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी त्याचा निर्णय करावा. म्हणजे ज्या सभेत संदेश देण्याला परवानगी आहे पण तपासण्याला नाही, ती सभा अर्धेच वचन पाळते. घणसोलीच्या घरमंडळीला हे विचारा: आतापर्यंत दिलेला एखादा संदेश ‘हा देवाकडून नव्हता’ असे तिथे कधी उघडपणे म्हटले गेले आहे का? उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर तिथे पारख होत नाही, एवढे नक्की.

पारख करताना मी प्रेषित 21 हाताशी ठेवतो. सोरमध्ये शिष्यांनी आत्म्याच्या प्रेरणेने पौलाला सांगितले, यरुशलेमेला जाऊ नकोस. पुढे कैसरियात अगब नावाचा संदेष्टा आला, पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून म्हणाला, ज्याचा हा कमरबंद त्याला असे बांधतील. सगळे रडले, थांबवू लागले. पौल तरी गेला. मग आत्मा चुकला की पौल? माझ्या वाचनाप्रमाणे, पुढे संकट आहे एवढे कळणे आत्म्याचे होते. ‘म्हणून जाऊ नकोस’ हा माणसांनी प्रेमापोटी काढलेला निष्कर्ष. काही अभ्यासक याच्याशी सहमत नाहीत, पण व्यवहारात ही फोड फार उपयोगी पडते. प्रत्येक संदेशात तीन थर असतात: काय मिळाले, त्याचा अर्थ काय लावला आणि आता काय करायचे ठरवले. चूक बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या थरात असते, आणि ती पहिल्या थराचा अधिकार घेऊन येते.

तर वहीचे एक पान घ्या, तीन उभे रकाने पाडा. संदेश शक्य तितका शब्दशः लिहा, तारीख घाला, कोण कोण हजर होते ते लिहा. संदेश देणाऱ्या बहिणीला तुमचा बाप्तिस्म्याचा वाद आधीपासून माहीत होता का, तेही लिहा. माहीत असेल तर संदेश खोटाच ठरतो असे नाही, पण त्याचे वजन कमी धरावे. मग तिला एकटीला गाठून, बरोबर तुमच्या बायकोला घेऊन, नम्रपणे विचारा: ताई, तुम्हाला नेमके काय मिळाले? शब्द, चित्र, की मनावर ओझे? ‘चाळीस’ हा आकडा मिळाला की बोलता बोलता आला? ‘नाहीतर आशीर्वाद थांबेल’ हे मिळाले की तुम्ही जोडले? बहुतेक प्रामाणिक माणसे इथे थांबून विचार करतात आणि सांगतात की मनावर ‘या घरात बदल होणार आहे’ असे काहीतरी होते, बाकीचे ओघात आले. त्यातून त्या बहिणीचाही अपमान होत नाही. प्रश्नच विचारू दिला नाही, तर तेही त्याच पानाच्या तळाशी लिहून ठेवा.

धमकीच्या शेपटीबद्दल वेगळे सांगतो. मुदत आणि शिक्षा असलेला संदेश माणसाची पारख करण्याची ताकदच काढून घेतो, कारण तो घाबरतो. अनुवाद 18:22 इतके स्पष्ट आहे की ते तोंडपाठ असावे: संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही तर ते त्याने उन्मत्तपणे सांगितले, त्याला भिऊ नका. उलट बाजूही आहे. अनुवाद 13:1-3 म्हणते की चिन्ह खरे ठरले तरी सांगणारा देवापासून दूर नेत असेल तर ऐकू नका. म्हणून ‘त्या ताईंचे मागचे तीन संदेश खरे ठरले’ हा पुरावा पुरेसा नाही.

1 राजे 13 मधली गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला आज्ञा होती की इथे जेवायचे नाही, आल्या वाटेने परतायचे नाही. बेथेलातला म्हातारा संदेष्टा त्याला म्हणाला, मीही संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितले की तुला घरी आणून जेवू घालावे. तो खोटे बोलत होता. पाहुण्याने ऐकले, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. स्वतःला स्पष्ट मिळालेली आज्ञा दुसऱ्याच्या ‘देव मला म्हणाला’वर सोडायची नसते, वय आणि पद कितीही मोठे असो. ‘आईवडिलांचा मान राख’, ‘दिलेला शब्द पाळ’ या आज्ञा तुम्हाला स्पष्ट मिळालेल्या आहेत.

हेच माप सासूबाईंच्या नोव्हेन्यालाही लावायचे. आवडता संदेश न तपासता स्वीकारणे आणि नावडता तेवढा तपासणे ही सर्रास दिसणारी गफलत आहे. अहाब राजाजवळ चारशे संदेष्टे होते, सगळे एकमुखाने ‘चढाई कर’ म्हणाले. एकटा मीखाया उलट बोलला आणि तोच खरा निघाला. तेव्हा बहुमतावरही विसंबू नका, पण आपण एकटे पडलो म्हणजे आपणच मीखाया, असेही समजू नका.

पारख करायला माणसे कोण हवीत? निदान तीन, आणि त्यातल्या एकाला तुमच्या निर्णयात काहीही मिळवायचे किंवा गमवायचे नसावे. तुमच्या बाबतीत एक सीएनआयमधला, एक कॅथलिक आणि एक कोणत्याही बाजूचा नसलेला. मार थोमा किंवा मेथडिस्ट मंडळीतला चालेल, नवी मुंबईत दोन्ही सहज सापडतील. पास्टर स्वतः या तिघांत नकोत. तो त्यांच्यावर अविश्वास नव्हे. ज्याची सभासदसंख्या या निर्णयाने वाढणार आहे त्याला न्यायाधीश करणे त्याच्यावरच अन्याय आहे. माझ्याबद्दलही हेच. मीही सीएनआयचाच, त्यामुळे माझे नाव त्या तिघांत नको.

फळाची परीक्षा याकोब 3:17 मध्ये आहे: वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत घालता येण्यासारखे, दयेने भरलेले, पक्षपात नसलेले असते. ‘समजूत घालता येण्यासारखे’ हा कस सगळ्यात उपयोगाचा. प्रश्न विचारल्यावर आवाज चढतो की उतरतो ते पाहा. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसचा एक नियम कॅथलिक नसलेल्यांनीही पाळावा असा आहे: मन उदास, कोरडे, सैरभैर असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. घरात भांडण झालेल्या आठवड्यात मंडळी बदलायची नाही, आणि उपवास-प्रार्थनेच्या रात्री अंगावर काटा आला म्हणून दुसऱ्या दिवशी पाण्यातही उतरायचे नाही. दोन्हींना महिनाभर थांबायला काही बिघडत नाही. खरी हाक महिन्याने विझत नाही.

तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, हे तुम्ही जवळजवळ लाजून लिहिले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लहानग्या शमुवेलाला देवाची हाक ऐकू आली तरी ती कोणाची ते कळले नाही, एली याजकाने सांगावे लागले. शास्त्राचे वाचन, जबाबदारीची जाणीव, शहाण्या माणसाचा सल्ला आणि मिळालेली सुबुद्धी एवढ्यावर आयुष्य काढणारे ख्रिस्ती लोक फार आहेत, आणि ते देवाचे ऐकत नाहीत असे म्हणायला आधार नाही. ज्या मंडळीत ‘ऐकू येणे’ हे आत्मिकतेचे माप असते, तिथे लोकांना हळूहळू ऐकू ‘येऊ लागते’. हेही लक्षात असू द्या.

इथे एक गोष्ट प्रार्थनेवर न सोडता करायची असते. कोणाच्याही संदेशावरून इन्शुलिन, रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करू नका, करू देऊ नका. घरातल्या कोणाला रात्र-रात्र झोप नसेल, आवाज सतत येत असतील, ते हुकूम देत असतील किंवा भीती घालत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. त्याने विश्वास कमी होत नाही.

तिसरा प्रश्न आपलेपणाचा, आणि त्यातच ऐक्याचा. योहान 17 मधली प्रभूची प्रार्थना ‘सर्वांनी एक व्हावे’ अशी आहे, आणि इफिसकरांस 4:3 म्हणते की आत्म्याचे ऐक्य राखण्यासाठी झटा. जे राखायचे ते आधीच दिलेले आहे. पण त्याच अध्यायात, 13व्या ओवीत, विश्वासाच्या ऐक्याला आपण सर्व येऊन पोहोचू असेही आहे. म्हणजे ते अजून गाठायचे आहे. या दोन्हींच्या मध्ये आपण राहतो, म्हणून एकाच वेळी ‘आपण भाऊ आहोत’ आणि ‘या मुद्द्यावर आपण सहमत नाही’ असे म्हणता आले पाहिजे. मतभेद लपवून केलेले ऐक्य पहिल्या अंत्यविधीत किंवा लग्नात उघडे पडते: प्रार्थना कोणी करायची, कोणत्या दफनभूमीत न्यायचे, ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाची भाकर) कोणाला.

एकरूपता म्हणजे ऐक्य नाही, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. ठाणे जिल्ह्यात मुंबईचे लॅटिन महाधर्मप्रांत आहे आणि त्याच जमिनीवर 1988 मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेले आणि 2025 मध्ये महाधर्मप्रांत झालेले कल्याणचे सिरो-मलबार (मूळ केरळच्या कॅथलिकांचे) प्रांतही आहे. उपासनाविधी वेगळा, बिशप वेगळे, भाषा वेगळी, तरी दोघे एकाच पोपांच्या सहभागितेत. याच्या उलट, एकाच मजल्यावर तीच गाणी म्हणणाऱ्या दोन घरमंडळ्या एकमेकींशी बोलत नाहीत, असेही कोपरखैरणे-घणसोलीत दिसेल.

ठाणेकरांना स्वतःच्या गावाची एक गोष्ट माहीत असावी. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, ठाण्यात मारले गेले. ते उतरले होते एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या प्राचीन मंडळीतल्या) ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. रोमच्या लेखी नेस्टोरियन पाखंडी होते, इफिसच्या 431 सालच्या धर्मसभेपासून दोन्ही बाजू तुटलेल्या. शिकवणीचा तो वाद त्या घरात मिटला नव्हता, तरी दार उघडले गेले. पुढे 11 नोव्हेंबर 1994 रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि त्याच नेस्टोरियन परंपरेतल्या असिरियन चर्च ऑफ द ईस्टचे मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या की ख्रिस्ताविषयीचा आपला विश्वास एकच आहे. 1563 वर्षांनी. आणि त्या दिवशीही एका वेदीवर पूर्ण सहभागिता आली नाहीच. ते बाकी आहे असे त्यांनी स्वच्छ लिहिले. मला हा प्रकार फार आवडतो: जेवढे झाले तेवढेच झाले म्हणायचे.

तुमच्या घरापुरते याचे व्यवहारात रूप असे. काय एकत्र करता येते? रोज रात्री मुलांबरोबर एक स्तोत्र आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. प्रेषितांचा विश्वासांगीकार, जो तुमच्या आणि बायकोच्या दोन्ही परंपरांत आहे. नाताळ, पवित्र आठवडा, आजाऱ्यांच्या भेटी. काय सध्या एकत्र करता येत नाही? मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) तुम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाही, अपवाद अगदी थोडे आणि तेही बिशपांच्या हातचे. तिथे रांगेत शिरून ‘देव सर्वांचा’ म्हणू नका. यजमानाच्या घरात यजमानाचा नियम पाळणे ही ऐक्याचीच खूण आहे. सीएनआयच्या प्रभुभोजनात इतर मंडळ्यांच्या सभासदांना सामान्यतः मोकळीक असते, पण बायकोने घ्यावे का, हे तिच्या विवेकावर सोडा. तिची ख्रिस्तसभा तिला ते घेऊ देत नाही. हे दुखते. ते दुखणे मुलांपासून लपवू नका.

घरमंडळी सोडायची की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, कारण ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. पास्टर स्वतः कोणाला उत्तरदायी आहेत का? अर्पणाचा हिशेब सभासदांना दाखवतात का? दुसऱ्या मंडळीत जाणाऱ्याला ‘पडलेला’ म्हणतात का? बायकोला तिथे मनापासून जायचे आहे, की तुमच्यासाठी येते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून, तुम्ही समोर नसताना, त्या तिघांपैकी एखाद्या स्त्रीने घ्यावे. पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असेल तर बुधवारच्या वचनाभ्यासाला जात राहायला आणि रविवारी आपापल्या मंडळीत राहायला मला काही हरकत दिसत नाही. अशी कुटुंबे या पट्ट्यात भरपूर आहेत. रविवारी दोन ठिकाणी दोघांनी जायचे असेल तर मुलांना आलटून पालटून नेण्याआधी लग्नाच्या वेळी दिलेल्या त्या वचनाबद्दल आणि मुलांच्या वयाबद्दल एकदा बोला. दहा-अकराव्या वर्षी मुले ‘खरी मंडळी कोणती’ असे थेट विचारतात.

अनेकजण इथे रोमकरांस 14 पुढे करतात आणि सगळे वाद ‘ज्याचे त्याचे मत’ म्हणून मिटवतात. ते अर्धवट आहे. त्या अध्यायात खाण्यापिण्याचे आणि दिवस पाळण्याचे मुद्दे आहेत, आणि तिथे पौल ढील देतो. तोच पौल गलतीकरांस 1 मध्ये वेगळ्या सुवार्तेला शाप म्हणतो, आणि 1 करिंथकरांस 15:3-4 मध्ये प्रथम महत्त्वाचे काय ते सांगतो: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. माझ्या मते बाप्तिस्म्याची वेळ आणि पद्धत या दोहोंच्या मध्ये बसते. ती क्षुल्लक नाही. तिच्यावरून मंडळ्या वेगळ्या असू शकतात. पण तिच्यावरून समोरच्याचे तारण नाकारता येत नाही. पास्टर म्हणत असतील की ‘हा बाप्तिस्मा नसेल तर तुम्ही तारलेले नाही’, तर मुद्दा बदलला, आणि तेव्हा मी तुम्हाला तिथून निघा म्हणेन.

पास्टरांशी बोलायला फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप नको, समोर बसा, दोघे मिळून. शब्द साधारण असे ठेवा: “पास्टर, तुमच्या शिकवणीबद्दल आम्ही आभारी आहोत. बाप्तिस्म्याचा अभ्यास आम्ही तीन महिने करणार आहोत, तुमची बाजू लेखी द्याल तर बरे होईल. ताईंचा संदेश आम्ही लिहून ठेवला आहे आणि तीन जणांकडून तपासून घेतो आहोत. तोपर्यंत चाळीस दिवसांची मुदत आम्ही धरत नाही. ग्रुपवर याबद्दल प्रार्थनाविषय टाकू नये अशी विनंती.” शेवटचे वाक्य विसरू नका, प्रार्थनाविषयाच्या नावाखाली घरची गोष्ट कळव्यापासून पनवेलपर्यंत जाते. ते ‘ठीक आहे, वेळ घ्या’ म्हणाले तर त्या माणसाकडून शिकण्यासारखे बरेच आहे. ‘हा अवज्ञेचा आत्मा आहे’ म्हणाले, तर वाद न घालता चहा संपवा, आणि पुढच्या बुधवारपासून वसईच्या फादरांना आणि तुमच्या पाळकांना एकाच दिवशी घरी जेवायला बोलवायची तारीख शोधायला लागा.